अंगणातले इंजिन : आमची वाटचाल

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आज आमचे छोटे वर्कशॉप आहे. त्याची सुरुवात मात्र कळव्याला, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली झाली. आप्पांची टाटा 207 डीआय ही पिकअप गाडी पहाटे तुर्भ्याच्या भाजीपाला मार्केटमधून माल उचलून ठाण्यात जांभळी नाक्यावर पोहोचवत असे. 2011 च्या मे महिन्यात, भरल्या गाडीनिशी परतताना, ठाणे-बेलापूर रस्त्यावर तिचे इंजिन तापून जाम झाले. हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरवले तेव्हा दोन बोअर, म्हणजे पिस्टन ज्यांत वरखाली होतो ती भोके, खोलवर ओरखडलेले आणि हेडला तडा गेलेला दिसला. बोअर कापून, त्यांत नव्या नळ्या (स्लीव्ह) घालून, क्रँक घासून ते पुन्हा उभे करण्यास लागणारा खर्च आणि दिवस पाहता दुसरे इंजिन बसवणेच शहाणपणाचे होते, आणि गॅरेजची मजुरी परवडण्यासारखी नसल्यामुळे ते घरीच बसवायचे ठरले. मामा एका कारखान्यात फिटर होते आणि मी नुकताच आयटीआयमधून बाहेर पडलो होतो.

त्या गाडीत टाटांचे 497 इंजिन होते. या आकड्यातला 4 सिलिंडरांची संख्या सांगतो आणि 97 हा बोअरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनच्या 100 मिलिमीटरच्या चालीमुळे (स्ट्रोक) क्षमता 2956 सीसी भरते. टाटांच्या 407 या छोट्या ट्रकमध्येही याच घराण्यातले इंजिन येत असल्यामुळे कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात आम्हाला बरीच इंजिने पाहायला मिळाली. एका व्यापाऱ्याने अगदी स्वस्तात एक इंजिन देऊ केले, पण त्याच्या ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला होता. आप्पांनी त्याला हातही लावू दिला नाही, आणि ज्या इंजिनाचे बिल व मूळ गाडीची कागदपत्रे मिळत होती तेच जास्त पैसे देऊन घेतले. या निर्णयाचे मोल मला पुढे आरटीओत कळले. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील बदलांचे नियम आहेत; इंजिन बदलल्यावर नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावाच लागतो, आणि मालवाहू गाडीच्या फिटनेस तपासणीत चॅसिस व इंजिन या दोन्हींचे क्रमांक ताडून पाहिले जातात. त्यामुळे कागद पूर्ण झाल्याखेरीज आम्ही आजही पाना उचलत नाही.

इंजिन काढण्यासाठी मामांनी जाड लोखंडी नळ्यांची तिपाई उभी केली, तिचे पाय पसरू नयेत म्हणून ते साखळीने एकमेकांना बांधले आणि वर 2 टनी चेन पुली टांगली. बॅटरी, बॉनेट, रेडिएटर, डिझेलचे पाइप, सायलेन्सरचा जोड अशा क्रमाने सगळे सुटे करत गेलो. प्रत्येक वायरीला आणि पाइपला मी क्रमांक लिहिलेली चिंधी बांधली होती. गिअरबॉक्स जॅकवर तोलून गाडीतच ठेवला. नवे इंजिन बसवण्यापूर्वी क्रँकचा मागचा ऑइल सील आणि पायलट बेअरिंग बदलले, कारण दोनशे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा सगळे उतरवण्याची वेळ येऊ शकते. क्लचप्लेट गिअरबॉक्सच्या एका जुन्या इनपुट शाफ्टने मध्यावर धरून मगच प्रेशर प्लेट आवळली.

तरीही इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात बोटभर फट राहिली. मी उतावीळपणे लांब बोल्ट घालून ते ओढून घ्यायला निघालो होतो. मामांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “ओढून घेतलेस तर क्लचप्लेटचे हब तरी तुटेल नाहीतर बेलहाउसिंगचा, म्हणजे क्लचवरच्या कवचाचा, कान तरी जाईल. जॅक दोन सूत वर घे आणि क्रँकची पुली किंचित फिरव.” शाफ्टवरचे दाते (स्प्लाइन) क्लचप्लेटशी जुळले आणि गिअरबॉक्स हाताच्या दाबाने जागेवर बसला. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला हे काम मी स्वतः उभा राहून दाखवतो.

पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा इंजिन जेमतेम फिरले आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघू लागला. इंजिनापासून चॅसिसला जाणारी अर्थची पट्टी जोडायची राहिली होती, त्यामुळे स्टार्टरचा सगळा प्रवाह त्या बारीक केबलमधून परतत होता. माझ्या साऱ्या चिंध्या वायरी आणि पाइपांना होत्या. ही पट्टी मात्र ब्लॉकच्या बोल्टाखाली दबलेली असल्याने नजरेतून सुटली. ती जोडून, केबल बदलून, डिझेल पंपाचा स्टॉप (इंजिन बंद करण्याची तार) ओढून धरून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवला. मग हातपंपाने डिझेलमधली हवा काढली आणि इंजिन सुरू झाले.

खरी चूक मात्र तिसऱ्या आठवड्यात कळली. नवे इंजिनही तापू लागले आणि त्याचे हेड गॅस्केट गेले. पहिले इंजिन का मेले, हा प्रश्न आम्ही कोणी विचारलाच नव्हता. वर्षानुवर्षे आम्ही गाडीत बोअरवेलचे पाणी भरत होतो. रेडिएटरची वरची टाकी उतरवली तेव्हा निम्म्याहून अधिक नळ्या क्षारांनी बुजलेल्या दिसल्या. इंजिन, पंप, पट्टा सारे बदलून आम्ही तोच रेडिएटर परत चढवला होता. त्यानंतर रेडिएटरचे रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून सफाई, करून घेतले, नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट बसवले, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरले.

हे पाहून शेजारचे दोन टेम्पोवाले आपल्या गाड्या घेऊन आले, त्यांच्या ओळखीने मार्केटमधले आणखी काही जण आले, आणि घरामागची जागा अपुरी पडू लागल्यावर आम्ही रबाळ्यात गाळा भाड्याने घेतला. भाडे, वीज, परवाने यांची ओढाताण प्रत्येक लहान व्यावसायिकाला ठाऊक असतेच. सांगण्यासारखी गोष्ट आहे ती एका नियमाची: बंद पडलेल्या इंजिनाचे कारण लेखी निघाल्याशिवाय आम्ही दुसरे इंजिन बसवत नाही. काही ग्राहकांना हा वेळकाढूपणा वाटतो, विशेषतः आंब्याच्या हंगामात, जेव्हा एक दिवस गाडी उभी राहिली तरी मोठे नुकसान होते. काही जण रागावून दुसरीकडे गेलेही. परंतु फुटलेला ऑइल कूलर, गळका इंजेक्टर किंवा चिखलाने भरलेला रेडिएटर तसाच ठेवून नवे इंजिन ग्राहकाच्या गळ्यात मारणे मला मान्य नाही. त्याचप्रमाणे, मूळ गाडीच्या प्रकाराबाहेरचे, अधिक ताकदीचे इंजिन बसवून देण्याची मागणीही आम्ही स्वीकारत नाही.

एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर आलेल्या पिकअपमध्ये इंजिनाबरोबर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांचाही मेळ घालावा लागतो. ते काम आम्ही अजून घेतलेले नाही. माझा भाचा सध्या त्याचे प्रशिक्षण घेत आहे. तोपर्यंत आमच्या शेडमध्ये जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्याच येतील.