तुम्ही विचारलंत म्हणून: माडाचं यंत्र घेतलं, मग पट्टा कशाला?

"पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) मिळत नाही, म्हणून नारळ काढायचं यंत्र घेतोय. कुठलं घेऊ? आणि यंत्र असलं की पट्टा-दोर लागतो का?" हा प्रश्न कोकणातले बागायतदारही विचारतात आणि हे काम धंदा म्हणून करू पाहणारी तरुण मुलंमुलीही. उत्तर दोघांनाही एकच आहे. यंत्र हे चढायचं साधन आहे. पाय सुटला तर तुम्हाला धरायची सोय त्यात नाही, ती वेगळी करावी लागते.

आंब्याला किंवा फणसाला बेचकं असतं. दोर बेचक्यातून घेतला की पाय घसरला तरी माणूस लोंबकळतो, खाली येत नाही. माडाला फांदीच नाही. खोडाभोवती सैल वेढा घेऊन तो कमरेला बांधला, तर पाय रोवलेले आहेत तोवर तो वेढा तुम्हाला मागे कलंडू देत नाही. पाय सुटले की वेढा सैल होतो आणि तुमच्याबरोबर खोडावरून घसरत बुंध्यापर्यंत येतो. यंत्राबरोबर मिळणारा कमरपट्टा बहुतेक वेळा याच जातीचा असतो. तो वापराच, पण तेवढ्यावर भागलं असं समजू नका.

आधी यंत्राविषयी. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतं ते उभ्याने चढायचं, चेंबेरी जोसेफ नावाचं. केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या एका शेतकऱ्याने ते बनवलं, त्यावरून हे नाव पडलं. त्याचे डावा आणि उजवा असे दोन भाग. प्रत्येकाला वर मूठ, खाली पाऊल ठेवायची जागा, खोडाला टेकणारं रबर आणि खोडाभोवती जाणारा तारेचा दोर. पावलावर वजन पडलं की तार आवळते आणि भाग खोडाला चिकटतो. वजन काढून मूठ वर उचलली की सैल होतो. उजवा हात आणि उजवा पाय एकदम, मग डावा हात आणि डावा पाय, असं जिना चढल्यासारखं जायचं. दुसरा प्रकार बसून चढायचा. तो हळू चालतो, पण वर दोन्ही हात मोकळे राहतात. गुडघे दुखणाऱ्याला आणि नवख्याला मी बसायचं सांगेन. दिवसाला दहाच्या वर माड करायचे असतील, तर उभ्याचं.

चूक होते ती तारेच्या मापात. माड बुंध्याशी जाड आणि वर बारीक असतो. बुंध्याशी पावलाची पाटी अगदी सपाट बसेल अशी तार लावली, तर निम्म्या उंचीवर वेढा मोठा पडतो, पाटी खाली झुकते आणि पाऊल पुढे सरकायला लागतं. म्हणून खाली लावतानाच पाटीचं टोक थोडं वर उचललेलं ठेवायचं, म्हणजे वर जाता जाता ती सपाट होते. बुंधा फार फुगीर असेल, तर तो फुगवटा संपतो तिथपर्यंत शिडीने जाऊन यंत्र वरच लावावं. चढण्याआधी जमिनीपासून हातभर उंचीवर दोन्ही भागांवर आळीपाळीने पूर्ण वजन टाकून दोन-तीन हिसके द्या. सरकायचं असेल तर ते तिथे सरकू दे.

तारेवरून रोज जाड फडकं फिरवा. फडकं अडकलं की तिथे तारेचा धागा तुटून कुसळ उभं राहिलेलं आहे. मग ती तार बदलायची, टेप गुंडाळून चालवायची नाही. तारेचं टोक जिथे यू-आकाराच्या क्लिपांनी आवळलेलं असतं, तिथे क्लिपेचं खोगीर (तार टेकते तो खाचांचा तुकडा) वजन घेणाऱ्या बाजूला हवं आणि यू-चा वाक मोकळ्या टोकाच्या बाजूला. उलटं लावलं तर वजन घेणारी तारच दबून कमजोर होते. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात दुरुस्त केलेल्या यंत्रात ही चूक वारंवार दिसते. क्लिपा तीन असू द्या. रबर गुळगुळीत झालं की बदला.

आता पट्टा. फक्त कमरेचा नको. मांड्या, खांदे आणि छाती धरणारा पूर्ण पट्टा, म्हणजे फुल बॉडी हार्नेस घ्या. त्यावर आयएस ३५२१ (भारतीय) किंवा ईएन ३६१ (युरोपीय) हा मानकाचा क्रमांक छापलेला असावा. कमरेच्या पट्ट्यावर माणूस लोंबकळला तर श्वास कोंडतो, तो उलटाही होतो. पाठीच्या कडीबरोबर छातीवरही कडी असलेला हार्नेस निवडा, कारण माडावर दोर समोर असतो. कमरेला दोन बाजूंना कड्याही हव्यात.

यात दोन दोर लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत. पहिला कमरेचा, साधारण अडीच मीटरचा. तो कमरेच्या दोन कड्यांतून खोडाभोवती जातो, त्यावर टेकून उभं राहायचं. आत पोलादी तार असलेला मिळाला तर उत्तम, कारण कोयत्याचा चुकलेला घाव आधी याच दोरावर बसतो. तसा मिळाला नाही, तर साध्या दोरावर जाड नळी चढवा, पण ती कोयत्याला पुरी पडेल अशा भरवशावर राहू नका.

दुसरा खरा जीव वाचवणारा, छातीचा. दीड मीटर लांबीची शिवलेली नायलॉनची स्लिंग, म्हणजे टोकं शिवून जोडलेला पट्टीचा फेरा, घ्या. तिच्या शिवणीजवळच्या पट्टीवर २२ किलोन्यूटन हे तिच्या ताकदीचं माप छापलेलं असतं. ती खोडाभोवती फिरवून एक टोक दुसऱ्या टोकाच्या वेढ्यातून ओढून घ्या, म्हणजे फास तयार होतो. मोकळं टोक स्क्रूने बंद होणाऱ्या कॅराबिनरने (उघडता येणाऱ्या धातूच्या कडीने) छातीच्या कडीला. ओढ बसली की फास खोडाला आवळतो आणि झावळ्या गळून पडलेल्या वळ्यांवर अडकतो. वरच्या भागात माडाचा घेर साधारण ऐंशी ते पंचाण्णव सेंटिमीटर भरतो, म्हणजे दीड मीटरमधून तुमच्यापर्यंत पोचायला हातभर लांबी उरते. दर दोन-तीन पावलांनी फास हाताने वर सरकवायचा, आणि तो छातीच्या खाली कधीही येऊ द्यायचा नाही. छातीच्या वर असला तर पाय सुटल्यावर वीतभर खाली याल. कमरेखाली राहिला तर तेच अंतर मीटरभर होतं, आणि फारशी न ताणणाऱ्या स्लिंगवर तो धक्का बरगड्यांवर येतो. वेळ जातो, हे खरं. एका माडामागे दोन-तीन मिनिटं जातात. ती जाऊ द्या.

हेल्मेटला हनुवटीखाली पट्टा हवाच, नाहीतर वर बघताच ते मागे पडतं. मोटारसायकलचं नको, त्यातून वरचं दिसत नाही आणि खालची हाक ऐकू येत नाही. डोळ्यांना चष्मा लावा, कारण पिसुंद्री (झावळीच्या देठाशी असलेलं जाळीदार वेष्टन) ओढली की तिची भुकटी आणि कुसं सरळ तोंडावर येतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट आणि टाच असलेले बूट घाला. टाच पाटीला अडते आणि पाऊल आरपार जात नाही.

चढण्याआधी माड वाचायचा. खोडावर भोकं, त्यातून तपकिरी रस, चघळल्यासारखा भुसा दिसला, तर आत सोंड्या भुंगा आहे आणि खोड पोकळ असू शकतं. कोयत्याच्या मागच्या बाजूने ठोकून बघा. भरीव माडाचा आवाज घट्ट येतो, पोकळाचा भदभद. मधला कोंब पिवळा पडून लोंबत असेल तर शेंडा कुजतोय. वीज पडलेला, मधेच पेन्सिलीसारखा बारीक झालेला, मुळं उघडी पडून कललेला, असे माड सोडा. माडीसाठी किंवा चढण्यासाठी जुन्या काळी पाडलेल्या खाचांत पाणी साचून लाकूड कुजतं, तिथे तार बसू देऊ नका. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरतं आणि रबर त्यावर पकड घेत नाही. जून ते सप्टेंबर उघडीप मिळाली तरी खोड सुकेपर्यंत थांबावं लागतं. झावळी विजेच्या तारेपासून तीन मीटरच्या आत असेल, तर महावितरणला सांगून लाईन बंद करून घेतल्याशिवाय चढू नये. ओली झावळी वीज आणते आणि ॲल्युमिनियमची आकडी त्याहून लवकर.

शेंड्याला पोचल्यावर हात घालायच्या आधी एक मिनिट फक्त बघा. गांधीलमाश्या, मधमाश्या, तांबड्या मुंग्या, विंचू, उंदराच्या मागे आलेला साप, यातलं काहीही तिथे असतं. आग्या मोहोळ दिसलं तर न बोलता, न हलवता खाली उतरा. पंचवीस मीटरवर मधमाशीला हाताने झटकायला गेलेला माणूस पकड सोडतो.

झावळी धरायची तर हिरवी आणि देठाच्या मुळाशी. तपकिरी झालेली कितीही घट्ट वाटली तरी ती गळायचीच असते. सुदृढ माडाला एका वेळी तीसेक झावळ्या असतात आणि महिन्याला साधारण एक गळते, म्हणजे सर्वांत खालची नेहमीच संशयित. छातीचा फास झावळीला कधी घालू नका, शेंड्याच्या खाली खोडालाच घाला. कापताना दोन्ही दोर कोयत्याच्या घावाच्या रेषेखाली असावेत. कोयता कमरेच्या मागे आकडीत अडकवून न्या, किंवा वर गेल्यावर सुतळीने ओढून घ्या. बोथट कोयत्याला जोर लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. सकाळी धार लावलेला कोयता दुपारी पुन्हा घासा.

नारळाची पेंड, म्हणजे घड, सुटताना खाली कोण उभं आहे ते महत्त्वाचं. पंधरा मीटरवरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटर असतो. तो आपटून उसळतो, उतारावर गडगडतो. बुंध्यापासून सहा मीटर मोकळं ठेवा, उतार असेल तर खालच्या बाजूला दुप्पट. खालच्या माणसाने "मोकळं" म्हटल्याशिवाय कोयता चालवायचा नाही. नारळ वेचायचे ते वरचा "झालं" म्हणाल्यावरच.

शहाळी मात्र पाडायची नाहीत, फुटतात. घडाचं वजन पंधरा ते पंचवीस किलो भरतं. दोर हिरव्या झावळीच्या देठावरून दोन वेढे घेऊन खाली जातो आणि खालचा माणूस सोडत जातो. त्या घर्षणामुळे एका हातानेही भार पेलतो. दोराची लांबी माडाच्या उंचीच्या दुप्पट हवी, अठरा मीटरच्या माडाला चाळीस मीटर. दोर खालच्याने हाताला गुंडाळू नये.

वर गेलातच तर शेंड्याची साफसफाई पण करा. नारळ दर पंचेचाळीस दिवसांनी काढावेत, आणि गेंड्या भुंग्यासाठी कोवळ्या माडात डांबरगोळ्या ठेवायच्या त्याही तितक्याच दिवसांनी. आतल्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत एक-एक गोळी, वर वाळू. बागायतदाराला हे वेगळं सांगून त्याची मजुरी वेगळी घ्या. पाडेल्याचं उत्पन्न फक्त नारळ पाडण्यावर राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

माणूस हार्नेसवर निपचित लोंबकळला तर पायांत रक्त साचतं, आणि दहा-पंधरा मिनिटांतही जिवावर बेतू शकतं. वाडीवर अग्निशमन दल तेवढ्यात येत नाही. म्हणून एकट्याने काम करायचंच नाही. खाली दुसरं यंत्र, दुसरा हार्नेस आणि तो वापरता येणारा माणूस हवा. शुद्धीवर असाल तर स्लिंगचा फेरा पायाखाली घेऊन त्यावर उभे राहा आणि पाय हलवत राहा. यंत्र वरच अडकलं तर उतरायला माडाच्या उंचीइतका दोर आणि फिगर एट (दोरावरून सावकाश उतरायची इंग्रजी आठच्या आकाराची कडी) जवळ असू द्या. हे उतरणं आधी दोन मीटरवर दहा वेळा केलेलं असलं पाहिजे, अठरा मीटरवर शिकता येत नाही.

प्रशिक्षण नक्की घ्या. नारळ विकास मंडळाने २०११ साली सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात यंत्र, चढणं, शेंड्याची साफसफाई, रोगकीड ओळखणं असं सगळं येतं. बायकाही ते शिकून काम करतात. मंडळाची केरसुरक्षा नावाची अपघात विमा योजना आहे, हप्त्याचा मोठा वाटा मंडळ भरतं. ती दर वर्षी नव्याने काढावी लागते, आणि नेमकं तेच राहून जातं. स्लिंगला जी तारखेची चिठ्ठी शिवलेली असते तिच्याखाली बॉलपेनने विम्याची मुदत लिहून ठेवा. सकाळी दोर तपासताना दोन्ही तारखा एकदम नजरेखालून जातील.