तुम्ही विचारलंत म्हणून: कामाच्या कुत्र्याला रोज किती पळवावे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी गेली सव्वीस वर्षे पशुवैद्य म्हणून काम करते आहे आणि या काळात मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न रोगाचा नाही, व्यायामाचा आहे. सीमा सुरक्षा दलाचे कुत्र्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र 1970 पासून टेकनपूरला आहे, आणि टेकनपूर आमच्यापासून झाशीच्या रस्त्याने जेमतेम 30 किलोमीटरवर असल्यामुळे माग काढणारी किंवा स्फोटके हुंगणारी कुत्री इथल्या लोकांना केवळ वर्तमानपत्रातून माहीत नाहीत. कुणाचा भाचा दलात असतो, कुणी निवृत्त झालेले कुत्रे घरी आणलेले असते, कुणी शेताच्या राखणीसाठी जर्मन शेफर्डचे पिल्लू घेतलेले असते. परवा दौलतगंजातल्या एका काकांनी विचारले, "डॉक्टरीणबाई, असल्या कामाच्या कुत्र्याला तंदुरुस्त राहायला रोज किती किलोमीटर पळवावं लागतं?" दवाखान्यात गर्दी होती, म्हणून त्यांना अर्धेच उत्तर मिळाले. उरलेले इथे लिहिते.

आकडा हवाच असेल तर तो आधी देते. पूर्ण वाढ झालेल्या, निरोगी, मध्यम बांध्याच्या कामाच्या कुत्र्याला माझ्या अनुभवाप्रमाणे दिवसाकाठी दीड ते दोन तास हालचाल लागते. परंतु त्यातला खरोखर दमवणारा भाग 30 ते 40 मिनिटांहून अधिक नसावा, तो सकाळ आणि संध्याकाळ असा विभागलेला असावा आणि आठवड्यातून एक दिवस पूर्णपणे वगळलेला असावा. किलोमीटर मात्र मी कुणालाच सांगत नाही, कारण किलोमीटर कानावर पडले की माणूस ते पुरे करण्याच्या मागे लागतो आणि कुत्र्याकडे बघायचे विसरतो.

बहुतेकांचा असा समज असतो की जे कुत्रे कामावर जाते त्याचा व्यायाम आपोआपच होतो, आणि माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ याच समजुतीत आहे. स्फोटके हुंगणाऱ्या लॅब्राडॉरचा कामाचा दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा. गाडीत बसून जायचे, थांबायचे, दहा-पंधरा मिनिटे एकाग्रतेने सामान किंवा वाहने हुंगायची, पुन्हा थांबायचे. या कामाने त्याचा मेंदू थकतो, संध्याकाळी ते निपचित झोपते आणि आपल्याला वाटते की आज भरपूर मेहनत झाली. प्रत्यक्षात त्याचे हृदय, फुप्फुसे आणि मागच्या पायांचे स्नायू यांना त्या दिवशी फारसे काहीच मिळालेले नसते. अशी कित्येक वर्षे गेली की आठव्या-नवव्या वर्षी ते कुत्रे माझ्या टेबलावर येते तेव्हा त्याच्या मांड्या वाळलेल्या असतात, कमरेवर चरबी असते आणि जिना चढताना ते मध्येच थांबते. काम ही त्याची नोकरी आहे. नोकरीला पेलणारे शरीर निराळ्या वेळी घडवावे लागते.

ते घडवणे कामासाठीच आवश्यक असते, हे हँडलरांना, म्हणजे कुत्रे हाताळणाऱ्या जवानांना, सांगितले की चटकन पटते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांवर थोडा येतो, पण शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे धाप टाकणे. जोरात धापणारे कुत्रे नीट हुंगू शकत नाही, कारण हुंगण्यासाठी नाकाने आखूड, वेगवान श्वास घ्यावे लागतात, सेकंदाला सुमारे पाच, आणि तोंड उघडे टाकून धापताना ते साधत नाहीत. म्हणजे ज्याचा दम कमी त्याला धाप लवकर लागते आणि धाप लागली की त्याचे नाक कामातून जाते.

मग 30-40 मिनिटांत करायचे काय? आपल्याकडे घोड्यांच्या चालीची नावे जुन्या लोकांना अजून पाठ आहेत, म्हणून मी त्यांना दुडकी चाल (चालणे आणि भरधाव धावणे यांच्या मधली) सांगते. दहा मिनिटे नुसते चालवून अंग मोकळे झाल्यावर एकसारख्या दुडक्या चालीत, मातीवर किंवा गवतावर, कुत्र्याला सैल पट्ट्याने न्यावे. मेळा नसतो तेव्हा मेळ्याच्या मैदानासारखी जागा यासाठी उत्तम असते. आठवड्यातून तीन-चार दिवस त्यात ताकदीचे व्यायाम घालावेत: हळूहळू चढ चढवणे, घोट्याइतक्या उंचीवर ठेवलेल्या बांबूंवरून एकेक पाऊल उचलत नेणे, पुढचे पाय विटांच्या ओट्यावर ठेवून उभे करणे, दहा पावले मागे चालवणे. हे व्यायाम दिसायला किरकोळ आहेत, पण उडी मारताना किंवा गाडीतून उतरताना सांधे सावरणारे स्नायू त्यांनीच तयार होतात. सतत चेंडू फेकून कुत्र्याला दमवणे मला मुळीच पसंत नाही, कारण त्यातल्या अचानक वळण्याने आणि थांबण्याने गुडघ्यातले अस्थिबंध तुटलेली कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत.

जातीप्रमाणे हे सारे बदलते. आपल्या दख्खनच्या मुधोळ कुत्र्याचा, ज्याला गावाकडे कारवान म्हणतात त्याचा, बांधाच मुळी थोडा वेळ वाऱ्यासारखे धावून मग विसावण्याचा आहे. त्याला तासभर दुडकवत नेण्यापेक्षा सुरक्षित मैदानात चार-पाच मोकळ्या धावा आणि मध्ये विश्रांती देणे योग्य ठरते. 2024 च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीट या पोलीस दलांच्या स्पर्धेत सीमा सुरक्षा दलाची मुधोळ कुत्री रिया सर्वोत्तम ठरली, तेव्हा मला फार आनंद झाला, कारण मुधोळ संस्थानचे राजे घोरपडे आणि त्यांची शिकारी कुत्री यांच्याविषयी आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेले होते. दुसऱ्या टोकाला अलास्कातली बर्फगाड्या ओढणारी कुत्री आहेत: अँकरेज ते नोम ही इडिटारॉडची शर्यत सुमारे 1,600 किलोमीटरांची असते आणि त्या दिवसांत एकेक कुत्रे दिवसाला 10,000 कॅलरींच्या आसपास खाते. आपल्याकडच्या 30 किलोच्या लॅब्राडॉरला साधारण दीड हजार कॅलरी पुरतात. तरीही आमच्या लष्कर भागातल्या घराघरांतून त्याला दोन वेळच्या जेवणावर दूध-पोळी आणि तूप मिळतेच, आणि ते पळून जिरवता येईल असे मानणे चूक आहे. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरांवर जन्मभर केलेल्या एका अभ्यासात ज्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा चतुर्थांश अन्न कमी दिले, ती कुत्री जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात, एवढी खूण लक्षात ठेवावी.

आता ग्वाल्हेरच्या उन्हाविषयी, आणि हे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सकाळी साडेआठच्या सुमारास एक तरुण तीन वर्षांच्या शेफर्डला उचलून दवाखान्यात आला. पोलिसांच्या कुत्र्यासारखे तयार करायचे म्हणून तो त्याला स्कूटरच्या बरोबरीने डांबरी रस्त्यावर पळवत असे. कुत्र्याचे तापमान सामान्यतः 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस असते आणि जोराच्या मेहनतीनंतर निरोगी कुत्र्याचेही 40 च्या वर जाऊन पुन्हा उतरते. याचे 42 वर गेलेले होते आणि उतरत नव्हते. आम्ही दुपारपर्यंत झटलो. ते वाचले नाही. रक्ताच्या गुठळ्या होण्याची क्रिया एकदा बिघडली की औषधांच्या हाती फारसे राहत नाही. त्या मुलाचे त्या कुत्र्यावर निस्सीम प्रेम होते, ही गोष्ट मी आजही विसरलेली नाही.

म्हणून एप्रिल ते जून या काळात आमच्याकडे दमवणारा व्यायाम सूर्योदयापूर्वी संपलेला असावा, संध्याकाळी रस्त्यावर हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवता येईपर्यंत बाहेर पडू नये आणि एकूण वेळ निम्म्यावर आणावा. उन्हाची सवय व्हायला कुत्र्याला दोन-तीन आठवडे लागतात. पावसाळ्याकडे लोक दुर्लक्ष करतात, ते मात्र करू नये. धाप टाकण्याचा उपयोग जिभेवरचा ओलावा हवेत उडण्यावर अवलंबून असतो, आणि ऑगस्टच्या दमट संध्याकाळी तो उडतच नाही. कुत्रे लडखडू लागले, जीभ रुंद होऊन गडद लाल झाली, तर त्याला सावलीत घेऊन अंगभर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कामाच्या कुत्र्यांच्या केंद्राने 2024 मध्ये दाखवून दिले की मेहनतीनंतर स्वतःहून डोके पाण्यात बुडवायला शिकवलेल्या कुत्र्याचे तापमान लवकर उतरते; घमेल्याच्या तळाशी खाऊ टाकून हे घरीही शिकवता येते, मात्र शिकवताना कुत्रे जोराने धापत नसावे.

पिल्लांच्या बाबतीत एवढेच की हाडांच्या टोकांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे मोठ्या जातीत सुमारे दीड वर्षापर्यंत, लांब धावणे आणि उंच उड्या नकोत. जेवण आणि व्यायाम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण खोल छातीच्या कुत्र्यांना पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो.

व्यायाम पुरेसा झाला की नाही, हे घड्याळापेक्षा कुत्रेच अधिक नेमके सांगते. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत श्वास पूर्ववत झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंग न आखडता ते उठले, तर प्रमाण योग्य आहे; मग दर आठवड्याला दहावा हिस्सा वाढवावा. श्वासाला अर्धा तास लागला, तर आठवडाभर मागे यावे.

दौलतगंजच्या काकांकडे असलेली कुत्री स्फोटके हुंगण्याच्या कामातून निवृत्त झालेली, दहा वर्षांची लॅब्राडॉर आहे, आणि त्यांनी आणली तेव्हा तिचे वजन 37 किलो होते. तिला मी दोन वेळा वीस मिनिटे चालणे, आठवड्यातून तीनदा बांबूंवरून जाणे आणि रोज अंगणात लपवलेला एक डबा हुंगून शोधणे एवढेच दिले आहे, आणि पोळी बंद केली आहे. मागच्या सोमवारी ती 32 किलोंवर आली होती आणि दवाखान्याच्या तीन पायऱ्या न थांबता चढली.