राजदूत ३५० ची नोंद : दोन कार्ब आणि सायकलचे दोन स्पोक

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की राजदूतचे दोन्ही कार्ब (कार्ब्युरेटर, इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे) एकमेकांशी जमले. नाही जमले.

उभी असली की गाडी गुणी. पण दारव्ह्यात शकुंतलेच्या (आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे) रुळांपाशी हळू करून दुसऱ्या गिअरमध्ये परत रेस घेतली की झटका! आधी एकटं उजवं सिलिंडर ओढतं, मग डावं दचकून जागं होतं. प्लग काढून पाहिले तर उजवा बिस्किटी रंगाचा, म्हणजे ठीक; डावा काळा आणि ओला. डावीकडं पेट्रोल जास्त होतंय समजून मी त्या बाजूचा एअर स्क्रू (मिश्रणातली हवा कमीजास्त करणारा) थोडा थोडा बाहेर काढत गेलो, तो पार अडीच फेरांवर नेला. हाच माझा गाढवपणा. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण असं पातळ करत नेणं म्हणजे पिस्टन जाम व्हायला आमंत्रण.

रविवारी सकाळी एअरबॉक्सचे रबर काढले आणि कार्बच्या तोंडात डोकावलो. मूठ अगदी हळू फिरवली. उजवी स्लाइड (मूठ फिरवली की वर उचलून मिश्रणाची वाट उघडणारी झडप) हलली, डावी जागची हलेना! आयडल स्क्रू (मूठ सोडली की इंजिन किती वेगानं चालेल ते ठरवणारा) स्लाइड कुठं टेकून राहील तेवढंच ठरवतो. ती उचलायला कधी लागेल ते केबलच्या ढिलाईवर. मी आजवर पहिलंच जमवत होतो.

गावातले मिस्त्री म्हणाले, "याले गेज लागते बावा, इथं नाही होत." व्हॅक्यूम गेज चार-स्ट्रोकवाल्यांना लखलाभ. आपल्या आरडीला (राजदूत ३५० ला) दोन्ही स्लाइड सोबत उचलतात का, एवढंच पाहायचं आहे. पुतण्याच्या मोडक्या सायकलचे दोन स्पोक घेतले, सारख्या लांबीचे कापले. बाहेरचं टोक आकड्यासारखं वाकवलं, म्हणजे आत घरंगळायची भीती नाही. (हे विसरू नका. स्पोक इंजिनात गेला तर पुढची नोंद बोअरिंगची लिहावी लागेल.) दोन्ही आयडल स्क्रू मागे घेतले, केबलला ढील दिली आणि इंजिन बंद ठेवून प्रत्येक स्लाइडखाली एकेक स्पोक दाबून ठेवला. आता मूठ फिरवली की स्लाइड उचलते आणि स्पोकचं बाहेरचं टोक खाली झुकतं. उजवा झुकला, डावा तसाच.

"काका, काय करून राहिले तुम्ही? गाडी हाय का सायकल?" पुतण्याला मूठ धरायला बसवलं, गप झाला.

कार्बच्या डोक्यावरचं रबर वर सरकवून डाव्या केबलचा ॲडजस्टर पाव-पाव फेर बाहेर काढत गेलो. दरवेळी लॉकनट आवळून परत पाहायचं, कारण आवळताना ॲडजस्टर थोडा फिरतोच. पाचव्या-सहाव्या खेपेला दोन्ही स्पोक एकदमच झुकले, जसे दोन बैल एका जूवर मान टाकतात. नंतर स्पोक काढून आयडल स्क्रू दोन्हीकडं सारखेच, अर्धा-अर्धा फेर आत. डावा एअर स्क्रू दीड फेरावर परत आणला. इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या पंपाची केबल त्याच मुठीतून जाते, म्हणून पंपाच्या पुलीची खूणही जुळवून घेतली.

इंजिन गरम झाल्यावर शेवटची परीक्षा. एका बाजूची प्लग कॅप काढून जुन्या प्लगला लावायची, तो प्लग सिलिंडर हेडवर टेकवून ठेवायचा (नुसती मोकळी सोडली तर कॉइलवर ताण), आणि एकट्या सिलिंडरवर इंजिनाचा वेग किती खाली उतरतो ते ऐकायचं. दोन्हीकडं जवळपास सारखं. रुळांवरून चार चकरा मारल्या, झटका गेला. डावा प्लगही आता बिस्किटी व्हायला लागला आहे.

एक खोड मात्र उरली. हँडल पूर्ण उजवीकडं वळवलं की आयडल किंचित चढतं. केबल टाकीखाली कुठंतरी ताणते आहे. टाकी काढावीच लागेल, पण सोयाबीनची सोंगणी आधी होऊ द्या.