१२० मीटरचा दुवा रोज सकाळी का तुटत होता

१२० मीटर हवेतून प्रकाशाच्या किरणाने डेटा नेणारा माझा दुवा सलग अकरा सकाळी तुटला आणि काल पहिल्यांदाच दिवसभर टिकला, म्हणून ही नोंद.

मांडणी अशी आहे. दोन्ही टोकांना ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे कॉलिमेटर (फायबरमधून निघालेल्या प्रकाशाचा समांतर किरण करणारी आणि आलेला किरण फायबरमध्ये गोळा करणारी भिंगे) आहेत, आणि १४९० व १५५० नॅनोमीटरची बायडाय (दोन दिशांना दोन तरंगलांबी वापरणारी) गिगाबिट मॉड्यूल एकाच सिंगल-मोड (अतिशय बारीक गाभ्याच्या, प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या) फायबरमधून पाठवण्याचे व घेण्याचे काम करतात. सगळी इलेक्ट्रॉनिक्स घरात राहते आणि गच्चीवर फक्त काच जाते, या एका सुखासाठी मी फायबर-ते-फायबर जोडणीचा हट्ट धरला आहे. रात्री उणे ९ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) मिळत होते आणि मॉड्यूल उणे २३ पर्यंत तग धरते. एवढी १४ डेसिबलची शिल्लक असूनही सकाळी साडेनऊच्या सुमारास पॉवर उतरू लागे, चाळीस मिनिटांत दुवा तुटे आणि दुपारी कोणीही हात न लावता तो आपोआप परत येई.

पहिला संशय अर्थातच हवेवर गेला. ऊन चढले की हवेतील खळबळ वाढते, हे आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल, आणि मीही तेच उत्तर दोन दिवस सगळ्यांना छातीठोकपणे देत होतो. पण डीडीएमचे, म्हणजे मॉड्यूल स्वतःच मोजून सांगते त्या पॉवरचे, दर सेकंदाचे आकडे आलेखावर उतरवल्यावर ते उत्तर टिकेना. खळबळीमुळे होणारे चढउतार मिलिसेकंदांत घडतात. आलेखात मात्र एक संथ, गुळगुळीत उतरण होती आणि डेसिबलभराची थरथर तिच्यावर बसलेली होती. थरथर हवेची असली, तरी उतरण वेगळ्याच कशाची तरी होती. (डीडीएमच्या आकड्यात ३ डेसिबलपर्यंतची चूक मान्य असते, हे ठाऊक आहे, पण बदल पाहायला तो पुरेसा आहे, आणि माझ्या उसन्या पॉवर मीटरपेक्षा तर तो अधिक प्रामाणिक निघाला.)

मग कोणते टोक हलते आहे हे शोधायचे होते, आणि सगळा आठवडा याच प्रश्नाने खाल्ला. दोन्ही बाजूंची पॉवर अगदी सारखीच उतरत होती. सिंगल-मोड ते सिंगल-मोड जोडणीत जाण्याच्या आणि येण्याच्या वाटेवरचे नुकसान सारखेच असते, त्यामुळे कोणतेही टोक वाकडे झाले तरी दोन्ही आकडे हातात हात घालून पडतात आणि दोषी कोण याचा पत्ता लागत नाही. स्क्रू फिरवून पाहिला तर फसगत आणखी वाढली. एका टोकाचा झुकाव दुसऱ्या टोकाला किंचित वळवून अंशतः भरून काढता येतो, म्हणून मी चार दिवस निर्दोष टोकाचाच स्क्रू फिरवत होतो आणि दोन-तीन डेसिबल परत आले की खूश होत होतो. तो पाव मिलिमीटर आट्याचा बारीक स्क्रू आहे. ५० मिलिमीटरच्या भुजेवर तो सात अंश फिरवला की १०० मायक्रोरेडियनचा झुकाव झाला (एक मायक्रोरेडियन म्हणजे मीटरभरावर एक मायक्रॉन). चिमटीतल्या स्क्रूचे सात अंश म्हणजे जेमतेम जाणवणारी हालचाल, आणि तेवढ्यात माझ्या मांडणीत साडेसहा डेसिबल जातात.

शेवटी उपयोगी पडला तो पुठ्ठा. एका सकाळी त्याची सावली पलीकडच्या टोकावर धरली, काही फरक पडला नाही. दुसऱ्या सकाळी अलीकडच्या टोकावर धरली आणि उतरण तिथल्या तिथे थांबली. त्यानंतर हिशेब सोपा होता. कॉलिमेटर धरणाऱ्या माझ्या माउंटची पाटी २०० मिलिमीटर उंचीच्या दोन ॲल्युमिनियमच्या खांबांवर उभी आहे, एक पुढे आणि एक ५० मिलिमीटर मागे, आणि सकाळचे ऊन फक्त पुढच्या खांबावर पडते. ॲल्युमिनियम मीटरमागे दर अंश सेल्सिअसला २३ मायक्रॉन वाढते, म्हणजे खांबांच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला की पाटी ९२ मायक्रोरेडियन झुकते. संपूर्ण १४ डेसिबल गिळायला दीड अंशाच्या आसपासचा फरक पुरतो. खांब पुढे-मागे ठेवण्याची कल्पना माझीच होती, त्यामुळे रागवायलाही कोणी उरले नाही.

तूर्त खांबांना फोम गुंडाळून वर पांढरे आवरण घातले आहे. काल दिवसभरातली सर्वात खालची नोंद उणे १२ होती. तो आलेख मी रात्री तीनदा उघडून पाहिला.

ओघात एक तक्रार. कॉलिमेटर विकणाऱ्याने फायबरचे टोक एपीसी (तिरके घासलेले) असल्याचे सांगितले, पण ८ अंशांच्या त्या उतारामुळे किरण फायबरच्या अक्षापासून जवळपास ४ अंश तिरका निघतो हे सांगितले नाही. फायबरमध्ये लाल लेसर सोडणारा पेन मागून जोडून ठिपका शोधताना एक संध्याकाळ त्यातच गेली. तो लाल ठिपकाही चार पाकळ्यांच्या फुलासारखा दिसतो, कारण १५५० चे सिंगल-मोड फायबर ६५० नॅनोमीटरवर सिंगल-मोड राहतच नाही. त्याने दिशा लावावी, फोकस मात्र कधीच लावू नये.

पुढचा बेत स्क्रूंना छोट्या मोटारी जोडण्याचा होता, परंतु हे लिहितानाच तो डळमळला. २००१ च्या रोन्जा या घरी बांधायच्या प्रकाश-दुव्यामध्ये प्रकाश भिंगामागच्या फोटोडायोडवर (प्रकाश टिपणाऱ्या घटकावर) थेट पडत असे आणि ती १० मेगाबिट १.४ किलोमीटरपर्यंत नेत असे. लक्ष्य मोठे असले की नेम ढिला चालतो. मग घेणारे फायबर ५० मायक्रॉनच्या जाड गाभ्याचे मल्टिमोड का नसावे? गिगाबिट मॉड्यूलच्या फोटोडायोडला ते चालते, आणि घेण्याच्या बाजूची सूट एकदम ५०० मायक्रोरेडियनवर जाते. पाठवणारा किरण मुद्दाम थोडा डीफोकस करून पलीकडे ८० मिलिमीटरचा केला, तर २५ मिलिमीटरच्या भिंगावर साडेसात डेसिबल जातील, पण तेवढी ऐपत आहे. बायडाय सोडावे लागेल, प्रत्येक टोकाला दोन भिंगे येतील आणि १० गिगाबिटचा मोह आवरावा लागेल, कारण तिथले फोटोडायोड बरेच लहान असतात. तरीही मोटारींपेक्षा मला हे पटते आहे.

त्याआधी खांब शेजारी-शेजारी बसवणारी नवी पाटी कापायची आहे. मल्टिमोड फायबरची जुनी पॅचकॉर्ड (जोडणीची तार) पेटीच्या तळाशी असायला हवी. तिची टोके आज रात्री सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतो.