तुम्ही विचारलंत म्हणून: दुबई आणि डब्यातली खसखस

दुबईला निघालेला प्रत्येक जण विचारतो, "तिकडे कडक असतं ना? कपडे कुठले न्यायचे?" उत्तर पाठ झालंय. खांदे-गुडघे झाकणारे सुती कपडे, मशिदीत बायकांनी डोक्यावर ओढणी, पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते. झालं.

बॅगेत काय भरलंय ते मात्र कोणी विचारत नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातलं बी. पुडी असो की चिमूट, नेऊ नका. आणि आपण ती कशाकशातून नेतो? घरच्या गोड्या मसाल्यात ती भाजून कुटलेली असते. अनारसा तर तिच्यावरच थापतात. प्रवासात डबा हलला की तळाला दाण्यांचा थर साचतो. कस्टमच्या टेबलावर झाकण उघडलं की आधी तोच दिसतो. "दिवाळीचा फराळ आहे हो" म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

यावर लगेच, "खसखशीने नशा कुठे होते?" नाही होत, मान्य. दाण्यात मॉर्फीन, म्हणजे अफूतलं नशेचं द्रव्य, जवळजवळ नसतंच. पण काढणीत बोंडाचा चीक दाण्यांना बाहेरून लागतो, आणि तेवढ्याने लघवीच्या तपासणीत मॉर्फीन सापडू शकतं. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अफूच्या सुक्या बोंडादेठांची व्याख्या करताना 'बिया सोडून' असं स्पष्ट लिहिलंय. वाण्याकडे मिळते म्हणजे निरुपद्रवी, हा आपला समज त्या दोन शब्दांवर उभा आहे. ते शब्द विमानात बसून तुमच्याबरोबर येत नाहीत.

औषधांचंही तेच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यावरची ट्रामाडॉल, झोपेसाठीची अल्प्राझोलाम यांना निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढा. चिठ्ठीवर पासपोर्टवरचंच पूर्ण नाव हवं. फॅमिली डॉक्टर सवयीने 'जोशीकाकू' लिहितात, ते चालायचं नाही. स्ट्रिपा कापून डबीत भरू नका, कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव राहत नाही.

अनोळखी माणसाचा फोटो न विचारता काढलात, तर तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्याने दीड ते पाच लाख दिरहम दंड, किमान सहा महिने कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दारूबद्दल माझाच जुना सल्ला आता शिळा झालाय. परवान्याशिवाय हात लावू नका, असं मी ठासून सांगत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये तो नियम सैल झाला. शेजारच्या शारजात मात्र पूर्ण बंदी आहे. स्वस्त म्हणून तिथलं हॉटेल घेणाऱ्यांनी दुबईतली बाटली तिकडे नेऊ नये.

मग देश कडक की नाही? दुबईच्या हॉटेलात बिअर चालते, अनारसा चालत नाही. याला काय म्हणायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. फराळच न्यायचा तर शंकरपाळे न्या. करंजी नको, सारणात खसखस असते.