गांजा नुसतं बोलून सुटतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इथे इंदूरला गणपतीत, लग्नाच्या पंगतीत कुणाची तरी आई मला बाजूला घेते आणि हळूच विचारते, "गोळी-औषध काहीच नाही? नुसतं बोलून सुटला का रे तुझा?"

गोळी नाही, खरंय. दारूसाठी आहेत, अफूसाठी आहेत. गांजा सोडवणारं मान्यताप्राप्त औषध नाही. पण 'नुसतं बोलून' नका म्हणू. माझ्या बाबतीत बोलण्यापेक्षा हिशेबच जास्त झाला.

मला वाटलेलं, आता बालपण उकरणार. काउन्सेलरबाईंनी विचारलं, "सोडावंसं दहापैकी किती वाटतं?" म्हटलं, चार. रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "चार का? दोन का नाही?" आणि मीच सोडायची कारणं सांगत बसलो. (ही त्यांची ठरलेली युक्ती असते, हे नंतर कळलं.)

मग वही. तलफ किती वाजता आली, कुठे, सोबत कोण, जोर किती. तिसऱ्या आठवड्यात दिसलं की माझी तलफ गच्चीच्या किल्लीला बांधलेली आहे. दुकान बंद करून दहाला घरी आलो, किल्ली दिसली, की संपलं. किल्ली आईकडे गेली. तलफ आली की घड्याळ बघत बसायचं; वीसेक मिनिटांत माझी उतरायची. तेवढ्या वेळात सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन यायचं असंही ठरलं होतं, पण आमची टोळी तिथेच बसायची. तो उपाय लगेच बाद.

पहिला आठवडा वाईट गेला. चिडचिड, रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं, आणि पुढ्यात पोहे-जलेबी असून घास उतरेना. इंदूरचा मुलगा पोहे नको म्हणतोय, आई घाबरलीच. बाईंनी हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून टिकलो.

त्यांनी खोटी आशाही दाखवली नाही. अमेरिकेतल्या ४५० जणांच्या एका अभ्यासात (२००४) काउन्सेलरच्या नऊ भेटींचा फायदा दोन भेटींपेक्षा जास्त झाला, तरी चार महिन्यांनी पूर्ण थांबलेले नऊ भेटीवाल्यांतही २३ टक्क्यांच्या आसपासच होते. ओढण्याचे दिवस मात्र बरेच घटले होते. हे ऐकून मला उलट हायसं वाटलं. कुणाला कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आमच्याकडे खरी अडचण रंगपंचमीची. १९८५च्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं त्यात धरलेली नाहीत, म्हणून भांग ठेक्यावर उघड मिळते. नशा आणणारं रसायन, टीएचसी, दोन्हीत तेच. दुसऱ्या वर्षी गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघून आल्यावर काकांनी ठंडाईचा पेला पुढे केला, "महाकालचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये." प्यालो. आठवड्यात पुन्हा चिलीम हातात. मान खाली घालून बाईंकडे गेलो, तर त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि विचारलं, "किती वाजता प्यालास?"

पुढच्या वर्षी काकांना आदल्या दिवशीच फोन करून ठेवला. ते चिडले. माझ्यासाठी वेगळं केशरी दूध आलं, पण त्यात साखर नव्हती.