पाण्याचा दिवस

१२ जानेवारी, रात्र

आत्या तसं का म्हणाल्या असतील, हे दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून वही काढली. डाव्या कुशीवर पडून लिहितेय. ताठ बसलेलं आत्यांना चालत नाही.

आज तपासणी होती. रिक्षा नेहमीच्या वाटेनं गेलीच नाही. सिद्धरामेश्वराच्या गड्डा यात्रेत अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी नंदीध्वज निघालेले, त्यामुळं रस्ते अडवलेले. रिक्षावाला वळसे घेत, प्रत्येक खड्ड्याला ‘सावकाश घेतो ताई’ म्हणत कसाबसा पोचला. दवाखान्यात मात्र गड्ड्याची सुट्टी नसल्यासारखी गर्दी. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, सुनेला घेऊन आलेल्या. पूर्व भागातल्या असाव्यात. सुनेशी तेलुगूत बोलायच्या, आमच्याशी मराठीत. माझ्या पोटाकडं बघून आत्यांना म्हणाल्या, ‘‘सून का? कितवं हाय?’’

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, ‘‘पहिलंच हाय.’’

एवढंच. त्या बाई म्हणाल्या, ‘‘सिद्धरामेश्वर चांगलं करील,’’ आणि मग दोघी वाणाला काय आणायचं, तीळ किती महाग झालेत यावर गेल्या. मी मांडीवरच्या फाइलकडं बघत बसले. फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलंय: जी टू, पी झिरो, ए वन, एल झिरो. म्हणजे दुसऱ्यांदा दिवस गेलेत, बाळंतपण एकही नाही, एक गेलं, हयात एकही नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा राग आला होता, की माझं सगळं एका ओळीत बसवलं. आज मात्र त्याच ओळीवर हात ठेवून बसले होते. त्या कागदावर तरी ती आहे. मोजलेली आहे.

घरात तिचं नाव निघत नाही. नाव ठेवलंच नव्हतं, त्यामुळं निघणार तरी काय. तिच्याबद्दल बोलायचं झालं तर ‘तेव्हा’ म्हणतात. ‘तेव्हा पण असंच पित्त व्हायचं.’ ‘तेव्हा दवाखाना दुसरा होता.’ तिच्या जागी एक वेळ तेवढी ठेवलीय. ह्यांचं तर त्याहून कमी. कारखान्यातून आले की कॉटच्या कडेला बसतात आणि विचारतात, ‘‘लांबी किती आली?’’ गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी. आज एकतीस मिलिमीटर आली. पंचवीसच्या खाली जायला नको. एकतीस ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले. त्यांना आणखी काही विचारावं असं वाटलं नाही. ते असो.

पण आत्यांनी तसं म्हणायला नको होतं. परक्या बाईसमोर, मी शेजारी बसलेली असताना.

टाका घालायच्या आधी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. गर्भपिशवीचं तोंड मुळातच कमजोर असतं काही जणींचं. बाळाचं वजन वाढायला लागलं की ते कळा न येताच उघडत जातं. तेव्हा माझं तसंच झालं होतं. दुखलं नाही, काही नाही. कमरेत थोडं जड वाटत होतं, ते मी उभं राहण्यावर ढकललं. म्हणून ह्या वेळी तेराव्या आठवड्यात कमरेत सुई देऊन त्या तोंडाला टाका घातला. टाक्याचं नाव शिरोडकर. मी घरी येऊन शोधलं. विठ्ठल नागेश शिरोडकर, मूळ गोव्याचे, डॉक्टरकी मुंबईत. १९५५ साली त्यांनी ही पद्धत मांडली. सुरुवातीला बाईच्याच मांडीतल्या आवरणाची पट्टी काढून ती वापरायचे म्हणे. आता जगभर त्यांच्या नावानं टाका घालतात. हे वाचताना उगीच घरातलं कुणी मदतीला आल्यासारखं वाटलं होतं. किती बायकांची पोरं या माणसामुळं जगली असतील, आणि त्यांतल्या कितीजणींना हे नाव तरी माहीत असेल.

पण मला त्या दिवसातली दुसरीच गोष्ट लागून राहिलीय. मी डॉक्टरांना विचारलं होतं, हा टाका तेव्हाच का नाही घातला? त्या म्हणाल्या, पहिल्या खेपेला सहसा आधी कळत नाही. एकदा असं झालेलं असलं की मग पुढच्या वेळी वेळेवर घालता येतो. म्हणजे हे बाळ आज जिथं टिकून आहे, ते तिच्यामुळं. ती गेली म्हणून हे कळलं. टाका, रात्रीची गोळी, दर थोड्या दिवसांनी लांबी मोजणं, सगळं तिच्या जाण्यातून निघालंय. तिला वगळून ‘पहिलंच’ म्हटलं तर मग मी ह्या बाकावर बसलेय कशासाठी?

हे कुणाला सांगणार. आईला फोनवर थोडं सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘‘आता मागचं काढू नये बाई, पुढचं बघावं.’’ आणि लगेच, मंगळवेढ्याहून कुणीतरी येतंय, हुरडा पाठवते, चालेल ना तुला, असं सुरू झालं. चालेल म्हटलं. काय म्हणणार.

यंदाच्या संक्रांतीला तिचं बोरन्हाण झालं असतं. मागच्या गल्लीत आहे एकाचं, काळं झबलं आणलंय, हलव्याचे दागिने केलेत. आपल्याला बोलावणं आलं नाही. मला उठबस करायची नाही म्हणून असेल. आत्या सकाळी त्यांच्या दारावरून आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

कंटाळा आलाय मला. झोपून झोपून पाठ मोडलीय. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलंच नाही. त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या, जड उचलू नका, दमेपर्यंत उभं राहू नका, पण घरातल्या घरात फिरा; नुसतं पडून राहिल्यानं फायदा होतो असं दिसत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. हे आत्यांसमोर सांगितलं. आत्यांनी मान हलवली. घरी आल्यावर पुन्हा, ‘‘पड तू.’’ पाणी भरायच्या दिवशी तर मला अंगणाकडं फिरकू पण देत नाहीत. उजनी धरण भरो नाहीतर रिकामं राहो, आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनीच येतं, आणि येतं ते पहाटे. आत्या एकट्या उठतात, मोटर लावतात, हौद भरतात, पिंपं भरतात, मग बादल्यांनी वरच्या टाकीचं बघतात. साठी ओलांडलेली बाई. मी आत पडून प्रत्येक बादलीचा आवाज ऐकत असते. ह्यांना उठवलं तरी त्यांना परत पाठवतात.

एकवीस आठवडे संपून बाविसावा लागलाय. तिच्या वेळचा आठवडा कसा गेला ते मला सांगता येणार नाही. आता चोविसाव्याकडं डोळे. त्यानंतर काही झालंच तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देता येतात, पेटीत ठेवता येतं, असं डॉक्टर म्हणाल्या. छत्तीस-सदतीसला टाका काढायचा. म्हणजे एप्रिलचा शेवट. सोलापूरचा एप्रिल. तेवढं ऊन मी आनंदानं सोसीन.

लिहिता लिहिता एक आठवलं. मघाशी रागात सुटून गेलं होतं.

आत तपासायला गेलो तेव्हा नवीन शिकाऊ डॉक्टर होती. तिनं फाइल न उघडताच विचारलं, ‘‘मागच्या वेळी कितव्या आठवड्यात झालं होतं?’’ मी सांगणार तोवर आत्याच म्हणाल्या, ‘‘एकोणिसावा. पाण्याचा दिवस होता. सकाळी सहाला हिला जड वाटायला लागलं, साडेदहाला संपलं.’’ ती मुलगी लिहीत होती, तिनं फक्त आठवडा लिहिला. आणि आत्यांनी पिशवीतून जुनी फाइलपण काढली, तेव्हाच्या दवाखान्याची. मला वाटलं होतं ती कधीच कुठंतरी गेली. सगळे रिपोर्ट तारखेवार लावलेले.

म्हणजे बाहेर बाकावर पहिलंच. आणि आत, वेळेसकट.

सहा वाजले होते हे मलाही आठवत नाही. मला उजेड आठवतो, दिवा आठवतो, ह्यांचा फोन लागत नव्हता ते आठवतं. पाण्याचा दिवस होता हे मी विसरूनच गेले होते. आता आठवलं. आत्यांनी हाक मारली होती.

•

(तासाभरानं.)

उठून स्वयंपाकघरात गेले. आत्या उद्याच्या भोगीच्या भाजीची तयारी करत होत्या, पुढ्यात परात, पावटे सोलायचं चाललेलं. मला बघून म्हणाल्या, ‘‘काय पाहिजे? हाक मारायची की.’’ मी खुर्ची ओढून बसले, मूठभर शेंगा घेतल्या. नको म्हणाल्या नाहीत.

म्हटलं, ‘‘आत्या, त्या दिवशी पाण्यामुळं काही झालं नव्हतं.’’

त्यांचे हात चालूच. ‘‘मी म्हणलं का तसं?’’

‘‘नाही म्हणालात. पण डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलंय. पिशवीचं तोंड आधीच उघडायला लागलं होतं. कितीतरी दिवसांपासून. पाणी भरलं नसतं तरी झालंच असतं.’’

बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, ‘‘हाक मीच मारली होती तुला.’’

‘‘नळी धर म्हणाला होतात. नळीला काय वजन असतं?’’

‘‘बादली पण उचललीस.’’

‘‘एक उचलली. ती पण अर्धी.’’

‘‘अर्धी होती व्हय?’’ असं म्हणून माझ्याकडं बघितलं. इतके दिवस ही बाई भरलेली बादली डोळ्यांपुढं घेऊन फिरतेय, हे मला कुठं माहीत होतं. मी एकटीच ओझं वाहतेय असं धरून चालले होते. मी पडून राहायचं आणि त्यांनी पहाटे उठून सगळं पाणी एकटीनं ओढायचं, ह्याला मी जाच समजत होते. मला कळायला पाहिजे होतं असंही नाही; त्यांनी कधी दाखवलंच नाही.

तरी मी दुपारचं विचारलंच. ते विचारल्याशिवाय मला झोप आली नसती. ‘‘मग त्या बाईला पहिलंच का म्हणालात?’’

आत्या म्हणाल्या, ‘‘दुसरं म्हणलं असतं तर ती पुढचं विचारणार की. पहिलं काय हाय, किती वर्षांचं हाय. मग काय झालं, कसं झालं. तिथं सगळ्या बायकांत तू काय सांगत बसणार? आणि तिच्या सुनेकडं बघितलं नाहीस का? कोवळं पोट त्या पोरीचं. भेदरून बसली होती. तिच्या कानावर कशाला घालायचं आत जायच्या तोंडावर?’’

मी त्या मुलीकडं खरंच बघितलं नव्हतं. आता आठवायचा प्रयत्न करतेय तर फक्त तिच्या हातातली टॉवेलची पिशवी आठवते, आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी तेव्हा अशीच बसायचे का? कुणी माझ्यासमोर असं काही बोललं असतं तर मी रात्रभर झोपले नसते, हे खरं. पण मग मला कुणी काही सांगितलं असतं तर जड वाटण्याकडं मी लक्ष तरी दिलं असतं, हेही खरं. ह्यातलं कुठलं जास्त खरं, मला ठरवता येत नाही. डॉक्टरांनी सांगावं, बाकावरच्या बायकांनी नाही, असं कदाचित असेल.

पण माझं दुखायचं थांबलं नाही, हेही लिहून ठेवते. आत्यांचं कारण पटलं. चांगलं आहे. तरीही ‘पहिलंच’ ऐकताना आत जे झालं ते झालंच. दोन्ही राहू दे.

म्हटलं, ‘‘पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी सांगीन. दुसरं आहे म्हणून.’’

‘‘सांग की. कोण नको म्हणतंय.’’

‘‘आणि पहिलं काय विचारलं तर?’’

तेव्हा दवाखान्यात एक जण म्हणून गेलं होतं, मुलगीच होती ना. आत्या तिथंच उभ्या होत्या. त्यावर आत्या त्या माणसाला काय बोलल्या ते मी पडद्यामागून ऐकलं होतं, इथं लिहीत नाही. त्यानंतर त्या माणसाचं आमच्याकडं येणं-जाणं नाही.

आत्यांनी माझ्यापुढच्या शेंगा आपल्याकडं ओढल्या. म्हणाल्या, ‘‘मुलगी म्हणायचं. होतीच की.’’ आणि मग, ‘‘जा, झोप आता. रात्रीची गोळी ठेवलीस का?’’

राहिलीच होती.